प्रबोधिनीचा प्रश्न : जागे कोणी व्हायचे?

आज कार्तिक शुद्ध एकादशी. आषाढात क्षीरसागरी निजलेला भगवान चार महिन्यांनी आज जागा होतो, अशी आपली श्रद्धा आहे. म्हणूनच या तिथीला प्रबोधिनी म्हणतात. चातुर्मासातील नेमव्रतांची आता सांगता होईल, वृंदावनाला गेरू लागेल, उसाचा मांडव उभा राहील आणि घरोघरी तुळशीच्या लग्नाची लगबग सुरू होईल. तिकडे पंढरीत चंद्रभागेचे वाळवंट दिंड्यापताकांनी फुलून गेले असेल. आम्हां हिंगोलीकरांना तर या तिथीचे महत्त्व दुहेरी. संतशिरोमणी नामदेवांचा जन्म परंपरेने याच तिथीचा मानला जातो. शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७० मध्ये, कयाधूकाठच्या नरसी गावी दामाशेटी आणि गोणाई यांच्या कुळात ते जन्मले, असे परंपरा सांगते.

परंतु वाचकहो, अखिल विश्वाला जो जागवतो त्याला आपण काकड्याच्या चार ज्योतींनी काय जागवणार? नीज आहे ती आपली. आणि ती नास्तिकाची नीज नव्हे. नास्तिकाच्या झोपेची चिंता करणारे पुष्कळ आहेत. आज आम्ही बोलणार आहोत ते भक्ताच्या झोपेविषयी. नित्य पूजा करणाऱ्याला, माळ घातलेल्याला, एवढेच काय, हाती चिपळ्या घेऊन उभे राहणाऱ्यालाही ही झोप लागते. तीत डोळे उघडे असतात, ओठांवर नाम असते आणि आपण निजलो आहोत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

गोरोबाकाकांचे थापटणे

या झोपेचे पहिले उदाहरण आमच्याच मातीतले आहे. नामदेवांची योग्यता सांगावयास नको. बालपणी त्यांच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष पांडुरंगाने खाल्ला. देवाशी रुसावे, भांडावे, हट्ट धरावा, इतकी ती जवळीक होती. एकदा संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने गोरोबाकाकांच्या थापटण्याकडे बोट दाखवून हे काय, असे विचारले. याने मडके पक्के की कच्चे ते कळते, असे गोरोबा म्हणाले. मग ही जिवंत मडकीही पारखा, असा आग्रह झाला. गोरोबा एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत चालले. सारे निमूट बसले. नामदेव तेवढे रागावले. गोरोबांनी निर्णय दिला की हे एक मडके अजून कच्चे आहे.

अपमानित नामदेव विठ्ठलाकडे धावले. तेथे सांत्वन मिळाले नाही. गुरू कर, असे उत्तर मिळाले. ते औंढा नागनाथास आले. पाहतात तो विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले! नामदेवांनी दोष दिला तेव्हा विसोबा म्हणाले, देव नसेल त्या जागी माझे पाय उचलून ठेव. नामदेव जिकडे पाय ठेवू पाहत, तिकडे लिंग प्रकट होई. पंढरीच्या विटेवरच मावलेला देव त्या दिवशी त्यांना सर्वत्र दिसला.

हे आख्यान आपण शंभर वेळा ऐकले असेल. त्यातील एक गोष्ट मात्र सहसा नजरेतून निसटते. नामदेव अभक्त नव्हते, ते सर्वांत निकटचे भक्त होते. त्यांचे उणे होते ते त्या निकटतेच्या खात्रीत. मला मिळाले आहे, आता मिळवायचे काही उरले नाही, ही भावनाच त्यांच्या मडक्याचा कच्चेपणा होता.

आमचे मडके

हे आख्यान आम्ही स्वतः किती वेळा लावले याची मोजदाद नाही. चाळीस वर्षांच्या कीर्तनसेवेत कोणत्या वाक्याला आवाज खाली आणावा आणि कोठे पेटीने सूर धरावा, हे अंगवळणी पडले आहे. काही वर्षांपूर्वी नरसीच्या परिसरातील एका गावी उत्तररंगात हेच आख्यान चालले होते. नामदेव विसोबांच्या चरणी लागतात त्या स्थळी आमचा कंठ नेहमीप्रमाणे दाटून आला. समोरच्या माताभगिनींनी पदर डोळ्यांना लावले. आणि नेमक्या त्या क्षणी आमचे चित्त कोठे होते? शेवटची एस.टी. मिळते की चुकते, याचा हिशेब आम्ही करीत होतो.

कीर्तन रंगले. लोक पाया पडले, बुक्का लागला, बिदागीही मिळाली. त्या रात्री गाडीत बसल्यावर मात्र मन खाऊ लागले. खरे अश्रू श्रोत्यांचे होते, आमचे होते ते केवळ सवयीचे. गोरोबांनी त्या रात्री आमच्या मस्तकावर थापटणे मारले असते तर कसला नाद निघाला असता?

ही व्यथा आम्ही हिंगोलीच्या एका स्नेह्यांजवळ बोललो. ते निवृत्त शिक्षक, धर्माने ख्रिस्ती, आणि आमच्या कीर्तनाचे जुने श्रोते. ते हसून म्हणाले, "शास्त्रीबुवा, हे दुखणे तुमच्या एकट्याच्या घरचे नाही. नाताळात आमचे मंदिर माणसांनी भरते आणि पुढच्या रविवारी बाके मोकळी असतात. जे येतात त्यांतही आम्ही कितीजण मनाने आलेलो असतो?"

"मग गुरुजी, यावर तुमच्याकडे औषध काय?" आम्ही विचारले.

उत्तरादाखल त्यांनी त्यांच्या धर्मग्रंथातील शेवटच्या पुस्तकाचा दाखला दिला. आशिया खंडातील सात ख्रिस्ती मंडळ्यांना तेथे पत्रे आहेत. त्यांपैकी लावदिकीया नगर आजच्या तुर्कस्तानात येते. ते सधन होते, सावकारीसाठी आणि लोकरीच्या व्यापारासाठी नावाजलेले होते. तेथील मंडळीवर ठपका आला तो पाखंडाचा नव्हे, कोमटपणाचा. ती ना थंड होती ना ऊन, आणि आपल्याला काही कमी नाही अशा समजात होती. एवढे सांगून गुरुजींनी पंडिता रमाबाईंचे आत्मनिवेदन आमच्या हाती ठेवले.

पुराणिकाची कन्या

रमाबाईंचे नाव घेताच आपल्या घरांतून आजही दोन मते उमटतात. त्यांचे धर्मांतर अनेकांना रुचले नाही. पुण्याच्या शारदासदनातील काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊ लागल्यावर १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी दूर झाली, 'केसरी'ने कठोर टीका केली. तो वाद आज उकरण्याचे प्रयोजन नाही. आम्हांला त्या जवळच्या वाटतात त्या वेगळ्या कारणाने. त्यांचे घराणे आमच्यासारखेच पुराण सांगणारे होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून मंदिरांतून पुराणे वाची. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंना भागवताचे सहस्रावधी श्लोक मुखोद्गत होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत त्यांची व्याख्याने गाजली, १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झाले आणि लवकरच ते पुण्यास आले. असा सर्वत्र लौकिक होत असता बाईंना काय आढळले? बाप्तिस्म्याला आठ वर्षे लोटल्यावर त्या स्वतःविषयी लिहितात, त्याचा भाव असा की मला नवा धर्म मिळाला, पण ज्याच्यासाठी तो घेतला तो प्रभू काही मिळाला नाही. जिने धर्मासाठी गणगोताचा रोष पत्करला, तिने आपला घट कच्चा असल्याचे जगापुढे मांडावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

त्यांना ही जाणीव देण्यात विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या आत्मकथेचा वाटा होता. हे गृहस्थ कॉर्नवॉलमध्ये अनेक वर्षे प्रवचने करीत होते. १८५१ मध्ये एका रविवारी व्यासपीठावर बोलता बोलता आपल्याच शब्दांनी त्यांचे अंतःकरण पालटले, आणि आज आमचे उपदेशकच जागे झाले, असा श्रोत्यांत गजर झाला. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसेच बसून राहिलो. आमच्यासारख्या कीर्तनकाराला याहून नेमके थापटणे कोणते?

केडगावची पहाट

एकीची जागृती अनेकींपर्यंत कशी पोहोचली, तेही पाहण्याजोगे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे निराधार मुली-स्त्रिया आणल्या. त्यांच्यासाठी दौंडजवळच्या केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तर शेकडोंचा संसार तेथे नांदू लागला. अन्न होते, शाळा होती, नित्याची उपासनाही होती. तरीही बाईंना वाटे की हे सारे नेमाने चालले आहे, पण आत उजेड नाही.

त्याच सुमारास, १९०४ च्या अखेरीस, ब्रिटनमधील वेल्स प्रांतात कोळशाच्या खाणींतील मजुरांमध्ये मोठी धर्मजागृती झाली. खाणकामगारांच्या तोंडच्या शिव्या सुटल्या, तेव्हा शिव्यांवाचून दिलेला हुकूम खाणीतल्या तट्टांना समजेना, अशी गोष्ट तेथे सांगतात! तिचे पडसाद १९०५ मध्ये आपल्याकडील खासी टेकड्यांपर्यंत पोहोचले. रमाबाईंनीही त्या वर्षाच्या आरंभापासून केडगावी विशेष प्रार्थना सुरू केली. आरंभी सत्तरेक स्त्रिया येत, जूनपर्यंत त्यांची संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. जूनच्या अखेरीस एके पहाटे त्या मुलींमध्ये पश्चात्तापाचा पूर लोटला. कोणी चुका कबूल केल्या, कोणी रडल्या, शेकडो कंठ एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागले. हा गलबला काही ख्रिस्ती मंडळींनाच रुचला नाही. ज्याने पंढरीच्या वाळवंटात टाळमृदंगाचा कल्लोळ ऐकला आहे, त्याला मात्र त्यात नवल वाटणार नाही.

अश्रूंची परीक्षा अश्रू सुकल्यावर होते. केडगावच्या स्त्रिया टोळ्या करून खेडोपाडी आपल्या धर्माचा संदेश सांगावयास निघाल्या. रमाबाईंनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, आणि तेही अल्पशिक्षित बायांना कळेल अशा साध्या बोलीत. सदनातील स्त्रियाच खिळे जुळवीत आणि पाने छापीत. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली, तरी हे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी देह ठेवला आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ संपूर्ण प्रसिद्ध झाला. संस्कृत पंडितेने पांडित्य बाजूला ठेवून खेड्यातल्या बाईसाठी लिहावे, याला आम्ही जागेपण म्हणतो.

त्याच पिढीतील रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीही कथा अशीच. मिशनच्या चाकरीत सुस्थिर असलेल्या या कवीने १९१७ मध्ये ती सोडून 'देवाचा दरबार' मांडला. पगार आणि पंथ यांच्या सावलीत आपली मंडळी सुस्तावली, हे त्यांचे शल्य होते. अभंग आणि कीर्तन ही आपलीच साधने त्यांनी स्वधर्मीयांना जागवण्यासाठी वापरली. तुकोबांचे ऋण तर ते उघडपणे मान्य करीत.

जागरण साठवता येत नाही

येथे गुरुजींनी आम्हांला एक कटू सत्यही ऐकवले. ज्या वेल्समध्ये ती लाट उसळली, तेथील कितीतरी प्रार्थनामंदिरे पुढे ओस पडली, काही विकलीही गेली. आजोबांची जागृती नातवाला पुरली नाही. आपली तरी स्थिती निराळी आहे का? पणजोबांनी पायी वारी केली, एवढ्या भांडवलावर आपण स्वतःला वारकरी म्हणवतो. देवघर संगमरवरी झाले, आणि पूजा दहा मिनिटांवर आली. एकादशीच्या फराळाची ताटे भरली, आणि दारी आलेल्या भुकेल्याकडे आपले लक्षही गेले नाही. यातले काहीच अधर्म नव्हे. फक्त कोमट आहे.

म्हणूनच आपल्या ऋषींनी प्रबोधिनी एकदाच न ठेवता दरवर्षी ठेवली असावी. धान्य कणगीत राहते, द्रव्य पेटीत राहते. जागेपण मात्र असे साठवता येत नाही. आदल्या रात्रीच्या जागरणाने आजची पहाट होत नाही.

नामदेवांचे पुढे काय झाले ते आपण जाणतोच. ज्याला पंढरी सोडवत नव्हती, तो भक्त कीर्तन करीत पंजाबात घुमानपर्यंत गेला. त्यांची एकसष्ट पदे गुरु ग्रंथसाहिबात विराजमान आहेत आणि शीख बांधव आजही श्रद्धेने नरसीला येतात. देवाच्या हातून जेवलेल्या त्या भक्ताने अखेरची जागा कोणती मागून घेतली? गाभाऱ्यातली नव्हे, तर महाद्वारातील पायरीची, संतांच्या चरणधुळीची. कच्चे मडके पक्के झाले याची खूण तीच.

आमचे म्हणाल तर आज रात्री नरसीच्या वाटेवरील एका गावात आमची सेवा आहे. आख्यान तेच आहे. यंदा मात्र शेवटच्या गाडीचा हिशेब आम्ही करणार नाही. मुक्काम तेथेच ठरवला आहे. कंठ दाटेल की नाही, ते पांडुरंग जाणे. न दाटला तर तो दाटल्याचा देखावा आम्ही करणार नाही, एवढाच आमचा या प्रबोधिनीचा संकल्प. वाचकांनीही आज देवाला जागवताना क्षणभर आपल्या मस्तकावर गोरोबांचे थापटणे आठवावे आणि त्याचा नाद कान देऊन ऐकावा, ही हात जोडून विनंती.

पुंडलीकवरदा हरि विठ्ठल!