खांद्यातला पंप आणि भरपाईची वाट

खांद्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाल्यावर सांध्यात बारीक नळी ठेवायची, तिला औषधाची फुग्यासारखी पिशवी जोडायची आणि ब्युपिवाकेनसारखे बधिर करणारे औषध दोन-तीन दिवस थेंब थेंब सोडायचे, ही पद्धत 2000 नंतर अमेरिकेत रूढ झाली. ठणका थांबे, रुग्ण लवकर घरी जाई. काहींचा खांदा मात्र पुढच्या काही महिन्यांत आखडत गेला. औषध सतत लागून कूर्चेच्या पेशी मरत आणि हाडावर हाड घासू लागे. गेलेली कूर्चा पुन्हा येत नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा पंप लावलेल्या 19 खांद्यांपैकी 12 खांद्यांची कूर्चा नष्ट झालेली आढळली.

13 नोव्हेंबर 2009 रोजी अमेरिकी औषध प्रशासनाने अशी 35 प्रकरणे जाहीर केली. त्यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेची गरज पडली होती. सांध्याच्या पोकळीत औषध सोडण्यासाठी या पंपांना मंजुरीच नव्हती आणि रुग्णांनी पंप बनवणाऱ्या कंपन्यांवर केलेल्या दाव्यांचा तो एक मुख्य आधार होता. सर्व दावे एका न्यायाधीशापुढे आणण्याची मागणी 2008 मध्ये व पुन्हा 2010 मध्ये फेटाळली गेली. त्यामुळे दावे वेगवेगळ्या न्यायालयांत विखुरलेलेच राहिले.

भारतात सांध्याच्या उपकरणावरून मोठा लढा झाला तो खुब्याचा. 24 ऑगस्ट 2010 रोजी डिप्यू कंपनीने एएसआर हे धातूवर धातू घासणारे कृत्रिम खुबे जगभरातून मागे घेतले. भारतात सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत गुन्हा नोंदवला तेव्हा प्रकरणाला तोंड फुटले. केंद्राने समिती नेमली ती 2017 मध्ये. तोवर सुमारे 3,600 रुग्णांचा ठावठिकाणाही उरला नव्हता. 2018 अखेर 30 लाख ते 1 कोटी 23 लाख रुपये भरपाईचे सूत्र ठरले, त्यालाही कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. इतक्या माणसांचा माग हरवणे हीच या प्रकरणातली सर्वांत जिव्हारी लागणारी बाब आहे. उपकरणाच्या खोक्यावरचा छोटा स्टिकर, ज्यावर बॅच क्रमांक असतो, फाइलीत चिकटवलेला नसेल तर कोणते उपकरण बसवले हे सिद्ध करणेच अवघड होते.

कर्नाटकातल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात भरपाईच्या प्रश्नाला राज्याच्या हद्दीचीही गाठ आहे. निपाणीच्या रुग्णाला महाराष्ट्रातले कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. हाडाच्या दुखण्याला मिरज-कोल्हापूरची वाट जुनीच. इथली विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसते आणि तिची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. तिचा खांदा आखडला तर केस विंचरण्यापासून मजुरीपर्यंत सगळेच अडते.

13 नोव्हेंबर 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. पण 1986 च्या कायद्यानुसार तक्रार रुग्णालयाच्या ठिकाणी किंवा घटना घडली तिथेच करावी लागे. शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत झाली असेल तर हेलपाटे तिकडेच. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येऊ लागली. सदोष उत्पादनासाठी निर्मात्याला जबाबदार धरणारे स्वतंत्र प्रकरणही त्यात आले. कोल्हापुरात शस्त्रक्रिया झालेल्या निपाणीकराला आता बेळगाव आणि कोल्हापूर असे दोन्ही दरवाजे खुले आहेत. कोल्हापुरात म्हणणे मराठीत मांडता येते, बेळगावात कामकाज कन्नड व इंग्रजीत चालते. म्हणून किलोमीटरइतकाच भाषेचाही हिशेब करावा लागतो. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि कूर्चेचे नुकसान तर उशिरा उमगते. मुंबईत शस्त्रक्रिया झालेल्या गोव्यातील एका महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये याचा विचार केला. पोटात गॉज राहिल्याचे अनेक वर्षांनी कळले होते. इजा लपलेली असेल तर ती कळली, किंवा वाजवी दक्षतेने कळायला हवी होती, तेव्हापासून मुदत मोजावी, असे न्यायालयाने मानले. तरीही सतत दुखत असताना नऊ वर्षे डॉक्टरांना विचारणा केली नाही म्हणून तिची तक्रार फेटाळली गेली. दुखणे अंगावर काढणाऱ्या सीमाभागातल्या कष्टकरी रुग्णाला हा निकाल जड जातो: पहिल्या दुखण्याची तारीख, तपासणीची चिठ्ठी, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड यांवरूनच त्याची दोन वर्षे मोजली जातात.