सातबाऱ्याबाहेरचे शेतकरी : भाग ६
दंडाची पावती

मागच्या भागात आपण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांपाशी थांबलो होतो. १८६५च्या जानेवारीत जनरल शर्मनने गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो फिरवला आणि जमिनी जुन्या मळेवाल्यांकडे परत गेल्या. तरी या लोकांनी हिमतीने शेती उभी केली. १९२०च्या गणनेत तिथे सव्वानऊ लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते, त्यांतले बरेच कुळं म्हणून राबणारे. आज ते पन्नास हजारांच्या आसपास उरलेत. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. तेव्हा ती गोष्ट आपल्याला परकी नाही.

आता जालन्याकडे येऊ. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, कुठल्याही तालुक्यात जा, गावाच्या कडेला गायरान असतं. बहुतेक मुरमाड माळ. भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यातले दगड वेचून बांधाला लावले, कुसळी काढली आणि बाजरी, तूर, कापूस पेरला. यामागे मोठी चळवळ आहे. १९५३ साली, मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी इथे भूमिहीनांचा सत्याग्रह केला. ६ डिसेंबर १९६४ला तो देशभर झाला आणि लाखो माणसं तुरुंगात गेली. पुढे बीडच्या बाजूने अॅड. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने हाच प्रश्न मराठवाड्यात धसाला लावला.

या शेतीचा कागद मात्र विचित्र आहे. सातबाऱ्यावर नाव सरकारचं. कसणाऱ्याचं नाव सापडतं ते तलाठ्याच्या गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत. सोबत पंचनामा आणि दंडाची पावती. पंचनाम्यात गट नंबर येतो, क्षेत्र येतं, उभं पीक येतं. साहेबांनी लिहिलं शिक्षा म्हणून. पण अमुक साली अमुक माणूस हे रान कसत होता, याचा सरकारी पुरावा दुसरा कुठला असणार? म्हणून जाणत्या बाया ती पिवळी पडलेली पावती पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाखाली जपतात.

तिचं मोल ठरलं २८ नोव्हेंबर १९९१च्या शासन निर्णयाने. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करायची, असं सरकारने लिहून दिलं. निर्णय चांगला होता. अंमलबजावणी तहसिलाच्या कपाटात अडकली. जुनी नोंद नाही, मोजणी नाही, ग्रामपंचायतीचा ठराव विरोधात, अशी कारणं पुढे आली. ज्या गावात गायरानावरून डोकी फुटतात, तिथे ठराव कोण बाजूने देणार?

मग २०११च्या जानेवारीत जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे. पण नोटिसा काढणाऱ्यांना निकालाचा पहिला भाग पाठ असतो, अपवाद नसतो.

सातबारा नसला की पीककर्ज नाही, पीएम-किसानचे हप्ते नाहीत, दुष्काळी अनुदानात नाव नाही. रस्त्यासाठी जमीन गेली तर मालक म्हणून मोबदलाही नाही. समृद्धी महामार्गाने जालन्यात जमिनीचे भाव कुठच्या कुठे नेल्यावर हे जास्तच बोचतं.

सरकारकडे दुसरी वाट आहे. २००४ची कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देते. २०१८पासून पूर्ण अनुदानावर, पण जिरायतीला एकरी पाच लाखांच्या मर्यादेत. त्या भावात चांगलं रान कोण विकतो? माझं मत सरळ आहे: विकत घेऊन वाटायच्या जमिनीपेक्षा दोन पिढ्या कसलेली जमीन नावावर करणं स्वस्तही आहे आणि न्यायाचंही.

तुमच्या घरात अशी पावती असेल तर मूळ प्रत कुणाच्याही हाती देऊ नका. तलाठ्याकडे १-ई चा उतारा लेखी अर्जाने मागा आणि अर्जाची पोच घ्या.