दोन वाद्ये, एक घर

मूल सतार शिकते आणि तबलाही. मग शाळा, अभ्यास व वडीलधाऱ्यांची झोप सांभाळून दोन्हींचा रियाज बसवावा कसा, असे पालक विचारतात. एक वाद्य सोडवणे हा उपाय नव्हे. जेथे १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, त्या बडोद्यात तरी तो सुचू नये!

सतारीचा आवाज नाजूक; सकाळी घर निवांत असताना अर्धा तास ती वाजवावी. तबला भिंतीपलीकडे ऐकू जातो. तो दिवेलागणीला, शेजाऱ्यांना विचारून. मसीतखानी गत त्रितालाच्या १२ व्या मात्रेपासून उठते. मुलाच्या हातात तो ठेका मुरलेला असेल, तर सम सहसा चुकत नाही. एकाचा रियाज असा दुसऱ्याच्या खाती जमा होतो. घरच्यांनी एवढेच पाळावे : त्या अर्ध्या तासात मुलाला दुकानात पिटाळू नये.