फुप्फुसातील दुर्मिळ लिंफोमा आणि त्याचे निदान

लिंफोमा म्हटले की मानेत, काखेत किंवा जांघेत आलेली गाठ आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. लसिकापेशींचा हा कर्करोग क्वचित थेट फुप्फुसातच उद्भवतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. एकंदर लिंफोमांत अशा रोग्यांचे प्रमाण शेकडा १ हूनही कमी. त्यांतील बहुतेकांस 'माल्ट' लिंफोमा नावाचा मंदगती प्रकार झालेला असतो. त्याच्याविषयी येथे चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते. कारण हा रोग जितका सौम्य, तितकाच तो ओळखावयास अवघड.

कित्येकांना काहीच त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी छातीचे चित्र काढावे आणि त्यात डाग दिसावा, असे घडते. कोणास खोकला असतो, कोणास धाप लागते, कोणाचे वजन उतरते. आपल्या देशात अशा डागाला पाहताच प्रथम क्षयाची शंका येते, आणि ती येणे रास्तच आहे. न्यूमोनिया समजून औषधे दिली जातात. परंतु थुंकीत जंतू सापडत नाहीत, औषधांचा क्रम पुरा होतो, महिने लोटतात आणि डाग जागच्या जागी राहतो. न हलणारा हा डागच पहिली खूण होय. सी.टी. चित्रात घट्ट झालेल्या भागातून हवेने भरलेल्या श्वासनलिका काळ्या रेघांसारख्या जाताना दिसतात. पण तशा त्या न्यूमोनियातही दिसतात. सारांश, चित्रावरून संशय घ्यावा, निकाल देऊ नये.

निकाल देतो तो मांसाचा तुकडा. दुर्बिणीतून श्वासनलिकेत चिमटा घालून काढलेला तुकडा तिळाएवढा असतो, आणि त्यावर पुष्कळदा 'जुनाट दाह' एवढाच शेरा येतो. असा शेरा म्हणजे कर्करोग नसल्याचा दाखला नव्हे, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे. मग सी.टी.च्या साहाय्याने बाहेरून सुई घालून, किंवा छातीला लहान छिद्रे पाडून शस्त्रक्रियेने मोठा तुकडा घ्यावा लागतो.

येथे सूक्ष्मदर्शकाचीही परीक्षाच असते. दाहातही लसिकापेशी गोळा होतात आणि या लिंफोमातही. दोहोंतल्या पेशी लहान व दिसावयास निरुपद्रवी. म्हणूनच पूर्वी अशा कित्येक गाठींना 'खोटा लिंफोमा' म्हणत. १९८३ साली आयझॅकसन व राइट यांनी माल्ट लिंफोमाची कल्पना मांडली, तेव्हा त्यांतील पुष्कळ खऱ्याच असल्याचे उमगत गेले. आता पेशींवर विशिष्ट रंगद्रव्यांची परीक्षा करतात. 'बी' पेशींवर सीडी-२० ही खूण उमटते. शिवाय या पेशी कप्पा किंवा लँब्डा यांपैकी एक प्रथिन बाळगतात. दाहात दोन्ही प्रकारच्या पेशींची सरमिसळ असते. लिंफोमात साऱ्या एकाच वंशाच्या, म्हणून एकाच प्रथिनाच्या. काही रोग्यांत ११ व १८ या क्रमांकांच्या गुणसूत्रांतील तुकड्यांची अदलाबदलही आढळते.

डॉक्टरांनी डोळे व तोंड कोरडे पडते काय असे विचारले, तर नवल मानू नये. श्योग्रेन नावाच्या विकाराशी या रोगाचे नाते आहे. तसेच निदानापूर्वी स्टेरॉइड दिल्यास लिंफोमा तात्पुरता आक्रसतो व तुकड्याचा अर्थ लागेनासा होतो; तेव्हा अशी गोळी चालू असेल तर आवर्जून सांगावे.

नाव निश्चित झाल्यावर रोग अन्यत्र आहे का, हे सर्वांगाच्या चित्राने व जरूर पडल्यास अस्थिमज्जेच्या परीक्षेने पाहतात. एवढा खटाटोप कशासाठी? जलद वाढणाऱ्या लिंफोमास तातडीने तीव्र औषधे लागतात, तर माल्टमध्ये काही रोग्यांना नुसते देखरेखीखाली ठेवणेही पुरते. इतरांस शस्त्रक्रिया किंवा रिटुक्सिमॅबसारखे औषध देतात. पाच वर्षांनंतर शेकडा ८० हून अधिक रोगी हयात असतात.

तुकडा मेणात बसवून जो ठोकळा करतात, तो प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असतो. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे असल्यास तो ठोकळा व काचपट्ट्या मागून घ्याव्यात. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या कर्करोग रुग्णालयात त्यांची फेरतपासणी होते, आणि पुष्कळदा नवा तुकडा काढण्याचा त्रास वाचतो.