विषाणूला नवा पत्ता

देवी, गोवर, पोलिओ या रोगांमुळे विषाणू हा शब्द भयानेच उच्चारला जातो. त्याच विषाणूकडून आता औषध पोचविण्याचे काम करून घेतले जात आहे. सदोष जनुकाची निर्दोष प्रत पेशीत पोचविणे म्हणजे जनुकोपचार. पेशीत शिरण्याची कला विषाणूला उपजतच साधलेली असल्याने त्याची स्वतःची जनुके काढून तेथे उपचाराचे जनुक भरले जाते.

खरी अडचण पुढेच आहे. विषाणू सवयीच्या पेशींकडेच जातो. रक्तात सोडलेल्या अनेक वाहकांचा मोठा हिस्सा यकृतातच अडकतो. मग स्नायूंपर्यंत वा मेंदूपर्यंत पुरेसे वाहक पोचावेत म्हणून मात्रा वाढवावी लागते आणि तिच्याबरोबर धोकाही वाढतो. १९९९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चाचणीत अॅडिनो विषाणूची मात्रा दिलेला १८ वर्षांचा तरुण चार दिवसांत दगावला. वाहकाविरुद्ध उसळलेली शरीराची प्रतिकारशक्तीच त्याला भोवली.

विषाणूचे कवच आणि पेशीवरील ग्राहक प्रथिन यांचे नाते किल्ली-कुलुपाचे असते. किल्लीचे दाते बदलले की दुसरे कुलूप उघडते. एएव्ही नावाच्या विषाणूचे कवच ६० प्रथिनांचे असते. त्याच्या पृष्ठभागावरील एका वळणात सात अमिनो आम्लांचा तुकडा बसवून असंख्य नमुने तयार करतात, ते प्राण्यांना टोचतात आणि इच्छित अवयवात पोचलेले तेवढेच पुन्हा वेचतात. शेतकरी बियाण्यासाठी कणसे निवडतो, तशीच ही रीत. तिच्यातही फसगत आहेच! २०१६ साली जाहीर झालेला असा एक वाहक उंदरांच्या मेंदूत उत्तम पोचला. परंतु उंदरांच्या दुसऱ्या एका जातीत निष्फळ ठरला. त्याचे कुलूप असलेले प्रथिन मानवात तर नाहीच.

पत्ता शोधण्याची ही यातायात टाळण्याचा एक मार्ग मुंबईत अवलंबिला गेला. भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या, रक्ताच्या काही कर्करोगांवरील उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने मान्यता दिली. यात रुग्णाच्या प्रतिकारपेशी शरीराबाहेर काढून लेंटी विषाणूद्वारे त्यांत नवे जनुक घालतात व त्या पुन्हा रुग्णास देतात. मात्र प्रत्येक रुग्णासाठी प्रयोगशाळेत स्वतंत्र पेशी वाढवाव्या लागतात. वेळ व खर्च तेथेच जातो. म्हणूनच प्रतिकारपेशी ओळखणारे आवरण चढविलेला विषाणू थेट रक्तात सोडण्याच्या मानवी चाचण्या काही देशांत हाती घेण्यात आल्या आहेत.