निद्रेतील श्वासावरोध आणि दंतस्वास्थ्य

सकाळी मुख शुष्क पडते, हिरड्यांतून रक्त येते, मुखास दुर्गंधी येते, अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण आपणांस नवा नाही. शीताद वा उपकुश असे निदान करून आपण मंजन व गंडूष देतो. काही दिवस उपशय मिळतो आणि तक्रार पुन्हा उद्भवते. अशा वेळी सोबत आलेल्या पत्नीस एक प्रश्न अवश्य विचारावा : रात्री हे घोरतात काय, आणि घोरता घोरता श्वास थांबतो काय?

झोपेत घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वासमार्ग मिटतो व श्वास किमान 10 सेकंद थांबतो किंवा मंदावतो. तासाला 5 वा अधिक वेळा असे घडणे हे विकृतीचे लक्षण, तर 30 वा अधिक वेळा घडणे म्हणजे तीव्र अवस्था होय. असे अनेक रुग्ण रात्रभर मुखाने श्वास घेतात. लाळ आटते, आम्लाचा प्रतिकार करणारे हे नैसर्गिक संरक्षण क्षीण झाल्यामुळे कृमिदंत व हिरड्यांचे विकार बळावतात. काहींचे दात रात्री खाल्ल्यामुळे झिजलेले दिसतात. मात्र त्याचे कारण श्वासावरोधच, असे निश्चित म्हणता येत नाही. आखूड, मागे सरकलेली हनुवटी व मोठी जीभ हीही श्वासमार्ग अरुंद करतात.

सुश्रुतांनी अतिस्थौल्याच्या लक्षणांत क्षुद्रश्वास, अतिनिद्रा व क्रथन एकत्र सांगितले आहेत. क्रथनाचा अर्थ टीकाकार अकस्मात होणारा श्वासावरोध असा करतात. दंतरोगी स्थूल असल्यास हे सूत्र स्मरावे. तथापि कृश रुग्णही या व्याधीपासून मुक्त नसतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नास वेगळे गांभीर्य आहे. मलकापूर, नांदुरा, खामगाव ही गावे राष्ट्रीय महामार्गावर आहेत. डिसेंबर 2022 पासून मेहकर व सिंदखेडराजा परिसरातून समृद्धी महामार्गही वाहता झाला. दिवसा पेंगणाऱ्या वाहनचालकाचा विकार त्याच्या एकट्यापुरता राहत नाही. दातदुखीसाठी आलेल्या चालकास दिवसाच्या झोपेविषयी विचारणे, हे म्हणूनच आपले कर्तव्य ठरते.

औषधी विक्रेत्या बंधूंना विशेष विनंती अशी की, 'झोप पुरत नाही' एवढ्यावरून कोणासही झोपेची गोळी देऊ नये. अशा गोळ्यांनी व मद्याने घशाचे स्नायू अधिक शिथिल होऊन अवरोध वाढू शकतो.

संशयित रुग्णास निद्रापरीक्षणासाठी पाठवावे. 1981 साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी मांडलेली, नाकावाटे सतत दाबाने हवा देणारी पद्धती आज तीव्र अवस्थेतील मुख्य उपचार आहे. सौम्य व मध्यम अवस्थेत दंतवैद्य खालचा जबडा पुढे धरणारे साधन बनवून देतात. त्यासाठी दात व हिरड्या दृढ असाव्या लागतात. येथे आपली मुखचिकित्सा खरोखर उपयोगी पडते. लंघन, व्यायाम व मेदोहर चिकित्साही पूरक ठरावी. मात्र गंडूषाने मिटलेला श्वासमार्ग उघडत नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगावे. हिरडी बरी करून श्वास तसाच सोडला, तर आपली चिकित्सा अर्धीच राहिली असे समजावे.