मेट्रोचे कंत्राट: उशीर नेमका कुठे होतो?

कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही मुंबईची भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो तीन, ३३.५ किलोमीटरची, २७ स्थानकांची. स्थापत्य कामाची कंत्राटे २०१६मध्ये दिली गेली. पूर्ण मार्ग प्रवाशांना मिळाला तो ऑक्टोबर २०२५मध्ये. सुरुवातीचा अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता, तो पुढे ३७ हजार कोटींच्या वर गेला. ही वर्षे गेली कुठे, हे कळायला कंत्राटाची रचना समजून घ्यावी लागते.

काम एक, कंत्राटदार अनेक

या मार्गाचे भुयार आणि स्थानके सात पॅकेजमध्ये विभागली होती. रूळ, वीज, सिग्नल आणि गाड्या यांची कंत्राटे वेगळी. भुयार तयार झाल्याशिवाय रूळवाल्याला आत जाता येत नाही, आणि रूळ झाल्याशिवाय गाडीची चाचणी होत नाही. त्यामुळे पहिल्या कंत्राटदाराचा उशीर पुढच्या प्रत्येकाच्या दाव्याला कारण पुरवतो.

उशीर कोणाच्या खाती?

कंत्राटदाराने माणसे किंवा यंत्रे कमी लावली, तर करारानुसार त्याला दंड होतो. पूर किंवा महासाथीसारखे संकट आले, तर सहसा नुसती मुदतवाढ मिळते. मालकाने, म्हणजे काम देणाऱ्याने, जागाच वेळेवर दिली नाही, तर मुदतवाढीबरोबर खर्चही द्यावा लागू शकतो. मोठ्या तंट्यांचे मूळ बहुधा या तिसऱ्या प्रकारात सापडते.

आरेची गाठ

मेट्रो तीनची कहाणी इथेच अडली. ऑक्टोबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारशेडसाठी ठरलेल्या आरेतील झाडांची तोड थांबवली, आणि नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने कारशेडलाच स्थगिती दिली. २०२०मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवायचे ठरले. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तेही रोखले. जुलै २०२२मध्ये सरकार पुन्हा आरेवर आले. भुयार खोदणाऱ्या यंत्रांनी नोव्हेंबर २०२२मध्ये शेवटचा टप्पा पार केला, पण गाड्या ठेवायला आणि दुरुस्त करायला कारशेड तयार नव्हते. पहिल्या गाडीच्या चाचणीसाठी सारीपुतनगरला तात्पुरती सोय करावी लागली होती.

झाडांसाठी लढणाऱ्यांना मी दोष देणार नाही. हा वाद निविदा काढण्याआधी मिटवणे हे शासनाचे काम होते, आणि ते झाले नाही.

कारशेडचा हा तिढा मुंबईला नवा नव्हता. चारकोप–वांद्रे–मानखुर्द मेट्रोची पायाभरणी २००९मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते झाली. कारशेडच्या जागा किनारपट्टी नियमांत अडकल्या आणि २०१४मध्ये करारच संपुष्टात आला.

रोजची नोंद

उशीर झाल्यावर कामी येतो तो कागद. जागा कोणत्या तारखेला ताब्यात आली, नकाशा कधी मंजूर झाला, आज किती मीटर खोदले गेले, हे त्याच दिवशी लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. भारतीय करार कायदा, १८७२चे कलम ५५ इथे महत्त्वाचे आहे. वेळ हा कराराचा गाभा असेल आणि उशिरा झालेले काम स्वीकारताना भरपाई मागणार असल्याचे कळवले नसेल, तर ती नंतर मागता येत नाही. दंडाची रक्कम करारात लिहिलेली असली, तरी कलम ७४नुसार ती कमाल मर्यादा ठरते. त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई मिळते.

आपल्या शहरात पुढच्या मेट्रोचे भूमिपूजन होईल, तेव्हा लोकप्रतिनिधींना एवढे विचारा: कारशेडची जागा ताब्यात आली आहे का?